तांबडी पूड

हेदवळच्या सड्यावर कंपनीच्या पाच शेड होत्या आणि त्यातली तिसरी हेमांगी राऊळ सांभाळायची. कुडाळहून अर्ध्या तासावरचा हा जांभ्याचा माळ. पूर्वी तिथे पावसाळ्यात गवत आणि उरलेलं वर्षभर काळा कातळ, एवढंच असायचं. आता तिथे बिनखिडक्यांच्या, आतून थंडगार असलेल्या लांबलचक इमारती उभ्या होत्या. आत चार-चार मजली मांडण्या, मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये नारळाच्या सोडणाचा भुसा, मुरवलेलं शेण आणि काजूच्या बोंडांचा चोथा. त्या ओल्या काळ्या बिछान्यात वीतभर लांबीची, पाठीवर निळसर झाक असलेली लाखो गांडुळं वाढत होती.

ही गांडुळं खतासाठी नव्हती. ती रक्तासाठी होती.

माणसाच्या रक्ताला तांबडेपणा येतो तो हिमोग्लोबिनमुळे. फुप्फुसातला प्राणवायू उचलून शरीरभर पोचवायचं काम त्याचं. आपल्यात ते तांबड्या पेशींच्या पिशव्यांत बंद असतं, आणि त्या पिशव्यांच्या पृष्ठभागावर ज्या खुणा असतात त्यावरून रक्तगट ठरतो. एकाचं रक्त दुसऱ्याला चालत नाही ते त्या खुणांमुळे. गांडुळाच्या रक्तात मात्र अशा पिशव्याच नसतात. त्याचं हिमोग्लोबिन रक्तात सरळ विरघळलेलं असतं, आणि त्याचा रेणू आपल्या हिमोग्लोबिनच्या पन्नासपट मोठा असतो, त्यामुळे तो मूत्रपिंडातून गळून जात नाही. पिशवी नाही म्हणून खूण नाही, खूण नाही म्हणून गट नाही. गांडुळांचं हे हिमोग्लोबिन शुद्ध करून, वाळवून त्याची भुकटी केली की ती दोन-दोन वर्षं कपाटात टिकायची. सलाइनमध्ये मिसळली की दहा मिनिटांत रक्ताची बाटली तयार. औषधाचं नाव लांबलचक होतं, पण सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत सगळे त्याला तांबडी पूडच म्हणायचे.

पूड आली आणि दहा वर्षांत रक्तदान संपलं. कुणी बंद केलं नाही, गरज उरली नाही इतकंच. शिबिरं थांबली, जिल्ह्याची रक्तपेढी बंद झाली आणि तिथे पुडीचं गोदाम झालं. सन २०४१ मध्ये विशीतल्या मुलामुलींना आपला रक्तगट माहीत नसायचा, जसा त्यांच्या आजोबांना आपल्या बुटाचा नंबर माहीत नसायचा. दुर्गम पाड्यावरची बाळंतीण वाचत होती, घाटात उलटलेल्या बसमधली माणसं वाचत होती. हेमांगीला याचा अभिमान होता. अकरा वर्षांपूर्वी काजूच्या कारखान्यातली नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा नातेवाईक तिला किड्यांची राखणदारीण म्हणून हसले होते. नंतर त्यांच्यातल्याच निम्म्या बायका कामासाठी तिच्याकडे आल्या.

तिची धाकटी जाऊ सुगंधाही आली. घराची वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मध्ये एक भिंत आणि दोन्हीकडे दोन चुली. सुगंधाचा नवरा विलास मुंबईतलं काम सुटून परत आला, तेव्हा हेमांगीनेच निरोप पाठवला की शेडमध्ये एक जागा आहे. पहिल्या दिवशी सुगंधा मान खाली घालून ट्रे चाळत राहिली. आठवड्याभराने तिने न विचारता हेमांगीच्या डब्यात कुळथाची पिठी वाढली. पुढे दोघी चाळणीच्या टेबलापाशी शेजारीशेजारीच उभ्या राहू लागल्या.

चाळणी हेच शेडमधलं सगळ्यात वाईट काम. जुना, सुकलेला बिछाना चाळून त्यातली अंडी वेगळी करायची. त्याची धूळ पिठासारखी बारीक. नाकात जायची, पापण्यांवर बसायची. दोन-तीन वर्षं काम केलं की बहुतेकींना सकाळी शिंकांचा सपाटा लागे, आणि हातांवर पांढरट, कडेने लाल अशा गांध्या उठत. कंपनीचे डॉक्टर दर बुधवारी मलम देत. बायकांनी गांध्यांशी जुळवून घेतलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी शेडमधलीच शेवंती म्हाडगुत स्कूटरवरून पडली. कामावरून घरी जाताना वळणावर मागून टेम्पोने धडक दिली. मांडी फाटली होती आणि रक्त बरंच गेलं होतं, पण ती शुद्धीवर होती. तिच्या मागूनच येणाऱ्या हेमांगीने तिला रिक्षात घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे लगेच पूड चढवली. बाटली पाव संपली असेल, तेवढ्यात शेवंतीच्या मानेवर गांध्या उठल्या. मग गालांवर, मग ओठ सुजले. श्वास शिटीसारखा वाजू लागला. डॉक्टर धावपळ करत होते, पण नेमकं काय होतंय ते त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं; पुडीने कुणाला कधी काही होत नसे. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. कागदावर लिहिलं गेलं, अतिरक्तस्रावाने हृदय बंद.

त्या गांध्या हेमांगीने ओळखल्या होत्या. पांढरट, कडेने लाल. रोज बासष्ट बायकांच्या हातांवर ती त्या बघत होती.

ती गप्प बसली असं नाही. दुसऱ्या दिवशीच ती मॅनेजर केंकऱ्यांकडे गेली आणि जे पाहिलं ते तिने सांगितलं. केंकरे वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकलं, लिहून घेतलं, वर कळवतो म्हणाला. एका मृत्यूवरून काही सिद्ध होत नाही, पण तपास होईल, असंही म्हणाला. मग जरा थांबून त्याने सांगितलं की पुडीबद्दल नुसती कुजबुज सुरू झाली तरी उद्या कुठलीतरी बाळंतीण घाबरून नको म्हणेल आणि मरेल. हे खरंच होतं. आठ दिवसांनी नवे मास्क आणि कोपरापर्यंतचे हातमोजे आले. तपासाचं पुढे काय झालं ते तिने एकदा विचारलं, चालू आहे असं कळलं. परत तिने विचारलं नाही. कुणी तिला धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. बोलायचं एक-एक दिवस राहून गेलं, आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं.

महिन्याने शेवंतीची मुलगी दीपाली आईच्या जागेवर कामाला लागली. वय बावीस. कंपनीने आपणहून ती जागा देऊ केली होती आणि नाव हेमांगीच्या सहीने वर जायचं होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. हेमांगीने सही केली.

शिमग्याच्या आधी सुगंधाचा त्रास वाढला. गर्भाशयात गाठी होत्या; दोन वर्षं ती अंगावर काढत होती. एका सकाळी चाळणीपाशी तिला चक्कर आली. विलास आणि हेमांगी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मिस्बाह काझी तिशीच्या, वेंगुर्ल्याकडच्या. त्यांनी सांगितलं की अंगात रक्त निम्म्याहूनही कमी राहिलंय, पुण्याला हलवण्यात वेळ घालवता येणार नाही, उद्या-परवात गर्भाशयाची पिशवी काढावी लागेल. काळजीचं कारण नाही, दोन बाटल्या पूड चढवली की झालं.

विलासने हुश्श केलं. हेमांगीने डॉक्टरांना दाराबाहेर गाठलं.

तिथे उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. धूळ, गांध्या, शेवंती, वीस मिनिटं. मग डॉक्टर मिस्बाह आत गेल्या, पुडीची चिमूट सलाइनमध्ये हजारपट पातळ केली, आणि सुगंधाच्या हातावर एक थेंब ठेवून त्यावर सुईने हलकंसं टोचलं. शेजारी नुसत्या सलाइनचा थेंब ठेवून तसंच टोचलं. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. पाचव्या मिनिटाला पुडीच्या जागी रुपयाएवढी गांधी उठली. मग हेमांगीने आपला हात पुढे केला. तिलाही उठली.

“आमच्या आईची आत्या खेकडे सोलायच्या कारखान्यात होती,” डॉक्टर म्हणाल्या. “पंधरा वर्षांनी तिला नुसत्या खेकड्याच्या वासाने दमा लागायचा. हे तसंच आहे. आजाऱ्याला पूड आयुष्यात एखाद्या वेळी मिळते, शरीर ती विसरून जातं. तुम्ही तीच रोज थोडीथोडी श्वासातून घेताय. तुमच्या शरीराने तिला शत्रू म्हणून लक्षात ठेवलंय. ती थेट रक्तात गेली तर शरीर सगळ्या ताकदीनिशी उलटतं.”

“म्हणजे हिला पूड द्यायची नाही.”

“हिला नाही. तुम्हालाही नाही. तुमच्या शेडमधल्या कुणालाच, बहुधा.” त्यांनी पेनने त्या गांधीभोवती रेघ ओढली. “माणसाचं रक्त लागेल. मी आजवर माणसाच्या रक्ताची पिशवी हातात धरलेली नाही, हेमांगीताई.”

पुण्यामुंबईत एक-दोन रक्तपेढ्या अजून कशाबशा चालू होत्या, पण त्यांचा साठा त्यांच्याच मोजक्या रुग्णांना पुरत नव्हता. एका ठिकाणाहून रिकाम्या पिशव्या तेवढ्या पाठवतो म्हणाले. रुग्णालयातल्या एका जुन्या नर्सला आठवलं की बंद पडलेल्या रक्तपेढीचे तंत्रज्ञ तुळशीदास आरोलकर पणदूरला असतात, काजूची कलमं विकतात. हेमांगी रिक्षा करून गेली. आरोलकर अडुसष्ट वर्षांचे, मातीने हात भरलेले. त्यांनी तिचं ऐकलं, नळावर हात धुतले आणि आतून एक पांढरी चिनीमातीची लादी कापडात गुंडाळून आणली.

गट तपासायचे द्राव आता जिल्ह्यात कुठे मिळणार नव्हते. आरोलकर म्हणाले, गट कळला नाही तरी चालेल, जुळतंय का ते कळलं की पुरे. सुगंधाच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी घ्यायचं, देणाऱ्याच्या रक्ताचा थेंब त्यात घालायचा आणि लादी हलकेच हलवत राहायचं. एकसारखं तांबडं राहिलं तर चालेल. नासक्या दुधासारखं फुटलं तर नाही. विलासचं फुटलं. सुगंधाच्या भावाचं फुटलं. हेमांगीचं तर थेंब टाकताच फुटलं. वॉर्डातल्या इतर आजाऱ्यांचे नातेवाईक बघायला जमले होते, पण हात पुढे करा म्हटल्यावर एक-एक जण पांगला. आपलं रक्त काढून दुसऱ्याला द्यायचं ही गोष्ट त्यांनी नुसती ऐकलेली होती, आणि आता ती त्यांना किळसवाणी वाटत होती.

“दहा माणसांत तीन-चार जुळायला हवीत,” आरोलकर म्हणाले. “माणसं आणा.”

एकदम वीस-पंचवीस माणसं येतील अशी एकच जागा हेमांगीला माहीत होती. पण तिथे जाऊन कारण सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या पाळीला, बायका कपडे बदलायच्या खोलीत टोप्या बांधत असताना, तिने दार लावून घेतलं. तिने सुगंधापासून सुरुवात केली, मग हातावरच्या चाचणीचं सांगितलं. आपल्यापैकी कुणालाच पूड चालणार नाही हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी खाली बाकावर बसलं. इथेच ती थांबू शकली असती. चाचणी कालची होती, सगळं कालच कळलं असं कुणालाही वाटलं असतं. पण दीपाली भिंतीपाशी उभी राहून तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि हेमांगीच्या तोंडून शेवंतीचं नाव गेलंच.

ती मेली ती पुडीने, ती म्हणाली. मी तिथे होते. मी गांध्या बघितल्या.

दीपालीचा आवाज अगदी साधा होता.

“तुका कधी कळला?”

“त्याच दिवशी.”

“मगे माका हय कित्याक घेतलंस?”

दीपालीने टोपी सोडली, खुंटीला अडकवली आणि दार उघडून ती निघून गेली. तिच्या पाठोपाठ आणखी सात-आठ जणी गेल्या. बाकीच्या उभ्याच होत्या. कुणी आपल्या हाताकडे बघत होतं, कुणी बाजूच्या बाईच्या हाताकडे. मग सगळ्यांत म्हातारी, अनसूया पालव, पुढे आली. तिने हेमांगीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने विचारलं, “रगात देवक खंय जावचा?”

एकोणीस जणी गेल्या. बाकीच्या ट्रेना पाणी मारायला थांबल्या, कारण एक दिवस पाणी चुकलं तर आख्खी शेड मेली असती.

आरोलकरांची लादी दुपारपर्यंत हलत होती. एकोणीस जणींपैकी पाच जणींचं रक्त जुळलं. कावीळ आणि इतर रोगांच्या तपासण्या झटपट झाल्या, त्यात तिघी बाद ठरल्या. अनसूयाचं चाललं, रेश्मा तेली म्हणून एक होती तिचं चाललं. डॉक्टर मिस्बाहनी आरोलकरांच्या हाताकडे बघतबघत आयुष्यातली पहिली पिशवी भरली. अनसूया पडल्यापडल्या नळीतून जाणारं आपलं रक्त कौतुकाने बघत होती, केवढं काळं आहे म्हणाली. चार वाजता शस्त्रक्रिया झाली. सुगंधा वाचली.

पाचव्या दिवशी हेमांगी पेज घेऊन गेली. विलास उठून बाहेर गेला, त्यावरून तिला कळलं की सुगंधाला सगळं समजलंय. सुगंधाने पेज घेतली, निम्मी प्यायली, वाटी बाजूला ठेवली. ती रागावलेली दिसत नव्हती. खूप वेळ ती पांघरुणाच्या सुरकुत्या सारख्या करत होती.

“ताई, एक विचारतंय,” ती म्हणाली. “रगात माजा नसता गेला, दुसऱ्या कोणाचा गेला असता, तर सांगलं असतंस?”

हेमांगीने तोंड उघडलं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिला शेवंतीनंतरचे ते सगळे दिवस दिसले. शेडमध्ये आणखी दोघी-तिघींच्या शस्त्रक्रिया ठरता ठरता पुढे गेल्या होत्या. हेमांगीला त्या तारखा माहीत होत्या आणि ती रोज हजेरी मांडून घरी जात होती. तिने वाटी उचलली आणि ती धुवायला बाहेर नेली. परत आली तेव्हा सुगंधाने कूस बदलली होती.

रुग्णालयातून सुटल्यावर सुगंधा माहेरी, भावाकडे गेली. विलासही गेला. घराच्या त्या बाजूला कुलूप लागलं.

नंतर तपासणी झाली. पाचही शेड मिळून तीनशे एक बायका, त्यातल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी जणींना गांधी उठली. कंपनीने ते लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही उरलंही नव्हतं. पूड बंद करावी असं कुणीच म्हटलं नाही, बायकांनीही नाही. देशात दिवसाला हजारो माणसं त्या पुडीवर वाचत होती. तिच्याविना माणसांना वाचवायची जुनी रीत मोडीत निघाली होती, आणि ती पुन्हा उभी करायला वर्षं लागली असती. मग नियम झाला. तीन वर्षांच्या वर कुणाला चाळणीवर ठेवायचं नाही. ज्यांना गांधी उठली त्यांनी गळ्यात स्टीलचा बिल्ला घालायचा, त्याच्यावर कोरलेलं असेल, पूड चालत नाही. रुग्णालयात एक फ्रिज आला आणि आरोलकरांना कलमं सोडून परत बोलावलं गेलं. पण त्या फ्रिजमध्ये रक्त द्यायला गावातले पुरुष फारसे आले नाहीत. बिल्लेवाल्या बायकाच एकमेकींना देत राहिल्या.

अनसूया बिल्ला मंगळसूत्रातच ओवून कामावर जाऊ लागली. जुन्या बायका चाळणीवरून मांडणीवर गेल्या, आणि चाळणीवर वरच्या वाडीतल्या, नेरूरकडच्या नव्या मुली आल्या. त्यांना सगळं सांगून, कागदावर सही घेऊनच कंपनी कामावर ठेवत होती. मुली सही करत होत्या. तीन वर्षांनी आपल्याही हातावर गांधी उठणार, हे त्यांना ठाऊक होतं.

हेमांगीला कुणी काढलं नाही. तीच एक दिवस गेली नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

वैशाखात, भर दुपारी दीपाली आली. अंगणात उभी राहिली, आत ये म्हटल्यावर ओटीवर बसली. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलून घ्यायला तिने अर्ज केला होता, आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा जबाब हवा होता. दवाखान्यातल्या लोकांखेरीज तसं पाहिलेलं माणूस एकच होतं. तिने कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला, पेन काढलं आणि म्हणाली की जे झालं ते पहिल्यापासून सांग, मी लिहून घेते.

हेमांगीने सांगितलं. वळण, टेम्पो, रिक्षा. बाटली कधी लावली, किती संपली होती, पहिली गांधी मानेवर डाव्या बाजूला कशी उठली. दीपाली शाळेतल्यासारख्या सुबक अक्षरात उतरवत होती. मध्येच ती थांबायची, एखादा शब्द पुन्हा विचारायची, मग पुढे लिहायची. श्वास शिटीसारखा कसा वाजला, तेही तिने लिहिलं.

“काय बोलली ती?” शेवटी तिने विचारलं. “शुद्धीत हुती मा?”

काहीच बोलली नाही असं सांगता आलं असतं. तुझं नाव घेतलं एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं, आणि दीपालीला ते घेऊन घरी जाता आलं असतं. हेमांगीने समोरच्या कागदाकडे पाहिलं.

“आपला हात वर करून बघितल्यान,” ती म्हणाली. “मगे माका म्हणाली, शेडीतल्यासारख्या खाजता गो हेमांगी. माज्या दीपूक थंय आणू नको.”

दीपालीने मान वर केली नाही.

“ह्याच शब्दांत?”

“ह्याच शब्दांत.”

तिने ते वाक्य लिहिलं. पहिल्या ओळीपासून सगळा कागद तोंडाने वाचून दाखवला, त्या वाक्यापाशीही तिचा आवाज हलला नाही. मग कागद फिरवून पुढे सरकवला आणि खाली बोट ठेवलं. हेमांगीने सही केली. दीपालीने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, पिशवीत नीट ठेवला, आणि हेमांगीने तिच्यासाठी भरून ठेवलेलं पाणी तसंच सोडून ती उन्हात निघून गेली.